विज्ञानाचे उदाहरण अडते ते आकड्यांत नव्हे, वाक्यात



दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की वसतिगृहांतून आणि गावोगावच्या अभ्यासिकांतून दहावीच्या मुलांची एक तक्रार हमखास ऐकू येते : "बाकीचे विज्ञान पाठ होते, पण उदाहरणे येत नाहीत." उदाहरणे म्हणजे भौतिकशास्त्र व रसायनशास्त्रातील आकडेमोडीचे प्रश्न. गती, कार्य, उष्णता, विद्युतधारा, रेणुवस्तुमान या पाठांच्या शेवटी ती असतात. बरीच मुले पाठ संपला की त्यांना हात न लावता पुढच्या पाठाकडे वळतात.

ही मुले हिशेबात कच्ची आहेत असे कोणी म्हणेल तर त्याने त्यांच्याबरोबर आठवडे बाजारात जावे. मोहफुले, चारोळी, करवंदे, कोंबडी यांचा व्यवहार ती तोंडी करतात आणि रुपयालाही चुकत नाहीत. मग तीच मुले वहीवर गुणाकार-भागाकाराच्या दोन ओळींपाशी का थांबतात? त्यांच्या सोडवलेल्या, किंवा अर्ध्यावर सोडलेल्या, वह्या नीट वाचल्या की उत्तर सापडते. अडखळणे आकड्यांत नसते. ते आकड्यांच्या आधीच्या वाक्यात असते.

प्रश्न काही गुणांपुरता नाही. बी. एस्सी. नर्सिंगला जायचे तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागते. आयटीआयमधील इलेक्ट्रिशियन, तंत्रनिकेतन, प्रयोगशाळा तंत्रज्ञ या सर्व वाटांवर हीच उदाहरणे पुन्हा भेटतात. दहावीत 'मला उदाहरणे येत नाहीत' असे मनाने घेतले की मूल अकरावीला विज्ञान शाखेचा अर्जच भरत नाही. पुढे वाडीला परिचारिका हवी असते, पंप दुरुस्त करणारा हवा असतो, आणि तो बाहेरून येण्याची वाट पाहावी लागते.

म्हणून हा लेख मुलांसाठी नाही. संध्याकाळी मुलांबरोबर बसणाऱ्या ताई-दादांसाठी, वसतिगृहाच्या अधीक्षकांसाठी आणि ज्यांचे स्वतःचे विज्ञान दहावीला थांबले त्या मोठ्यांसाठी आहे. मदत करायला विज्ञानाची पदवी लागत नाही. योग्य प्रश्न योग्य क्रमाने विचारता आले पाहिजेत.

ओळखीचा शब्द, अनोळखी अर्थ

आपल्या बहुतेक मुलांची घरची बोली वेगळी असते : भिली, पावरी, कोकणा, वारली, कोरकू, गोंडी, माडिया. गोंडी ही द्राविडी कुळातील, तर कोरकू मुंडा कुळातील. म्हणजे या घरांतील मुलाला शाळेची मराठी ही दुसरीच भाषा आहे. त्यावर पुस्तकातील 'त्वरण', 'विभवांतर', 'विशिष्ट उष्माधारकता' हे शब्द तिसऱ्या भाषेसारखे येतात.

पण कठीण शब्दांचा त्रास त्या मानाने कमी. ते अनोळखी आहेत हे मुलाला कळते, ते विचारते तरी. खरा घोटाळा ओळखीच्या शब्दांचा होतो.

'कार्य' म्हणजे काम, असे मूल समजते. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन आई रस्त्यात उभी असेल तर ती दमते. मुलाच्या दृष्टीने ते काम आहे. भौतिकशास्त्र मात्र म्हणते, बलाच्या दिशेने विस्थापन झाले नाही, म्हणून मोळीवरचे कार्य शून्य. 'आईच्या कष्टाला शून्य कसे म्हणता?' हा मुलाचा प्रश्न रास्त असतो. विज्ञानाने 'कार्य' हा शब्द एका ठरावीक मोजमापासाठी राखून ठेवला आहे, कष्टाचे मोल ठरवण्यासाठी नाही, हे तेथेच सांगावे लागते.

'वजन' हा असाच शब्द. दुकानात पाच किलो तांदळाचे वजन पाच किलो. पुस्तकात पाच किलोग्रॅम हे वस्तुमान, आणि वजन म्हणजे पृथ्वी ज्या बलाने ते ओढते ते बल : ५ × ९.८ = ४९ न्यूटन. 'शक्ती' म्हणजे अंगातील ताकद नव्हे, तर कार्य किती झपाट्याने झाले त्याचा दर.

आणि 'मोल'! मोलमजुरीच्या घरातील मुलाला मोल म्हणजे दाम हे पक्के ठाऊक असते. रसायनशास्त्रात 'पाण्याचे दोन मोल' वाचून ते गोंधळले तर त्यात त्याचा काय दोष?

यावर साधा उपाय आहे. शंभर पानी वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात पुस्तकाचा शब्द, दुसऱ्यात बाजारातला किंवा घरचा अर्थ, तिसऱ्यात विज्ञानाचा अर्थ आणि मुलाने स्वतःच्या बोलीत रचलेले एक वाक्य. अशी वही दोन महिन्यांत भरते आणि ती वर्गाच्या कामी येते.

पाच प्रश्न

हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये उदाहरण कसे सोडवावे यावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यांनी चार पायऱ्या सांगितल्या : प्रश्न समजून घेणे, योजना करणे, ती पार पाडणे आणि मागे वळून उत्तर तपासणे. आपल्या मुलांसाठी तीच वाट पाच प्रश्नांत मांडता येते :

१. काय घडते आहे? पुस्तक बंद करून तुझ्या बोलीत सांग. जमल्यास चित्र काढ.
२. काय दिले आहे आणि काय विचारले आहे? प्रत्येक आकड्यापुढे एकक लिही.
३. एकके जुळतात का?
४. दिलेले आणि विचारलेले यांना जोडणारा नियम कोणता?
५. आलेले उत्तर पटते का?

बहुतेक मुले थेट चौथ्या प्रश्नावर उडी मारतात. 'सूत्र कुठले?' एवढेच विचारतात आणि सापडेल त्या सूत्रात आकडे भरतात. आता काही उदाहरणे या पाच प्रश्नांनी सोडवून पाहू.

बाजाराची वाट

गावापासून बाजार ६ किलोमीटर. एक बाई उतारावरून ताशी ६ किलोमीटर चालीने जाते आणि त्याच वाटेने चढ चढत ताशी ४ किलोमीटर चालीने परत येते. तिची सरासरी चाल किती?

मुले पटकन ६ आणि ४ यांची बेरीज करून दोनाने भागतात आणि ५ लिहितात. येथे 'चूक' म्हणू नका. पहिला प्रश्न विचारा : काय घडते आहे? जायला किती वेळ लागला? १ तास. यायला? ६ ÷ ४ = १.५ तास. म्हणजे ती हळू चालीत जास्त वेळ होती. मग दोन्ही चालींना सारखा मान कसा देता येईल?

सरासरी चाल म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ. एकूण अंतर १२ किलोमीटर, एकूण वेळ २.५ तास. १२ ÷ २.५ = ताशी ४.८ किलोमीटर. उत्तर ५ पेक्षा थोडे कमी आले. हळू चालीत वेळ जास्त गेला, म्हणून ते पटते.

लगेच दुसरा प्रश्न जोडा : तिचे विस्थापन किती? ती घरी परतली, म्हणून शून्य. पाय १२ किलोमीटर चालले, जागा मात्र बदलली नाही. अंतर आणि विस्थापन यांतील भेद मूल यानंतर विसरत नाही.

नदीवरचा हंडा

१५ लिटर पाणी नदीवरून ४० मीटर उंचीवरील घरी नेले. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पाण्यावर किती कार्य झाले? हे काम १० मिनिटांत झाले तर शक्ती किती?

दुसऱ्या प्रश्नापाशी थांबा. प्रश्नात 'लिटर' आहे, सूत्राला 'किलोग्रॅम' हवा. एक लिटर पाण्याचे वस्तुमान सुमारे एक किलोग्रॅम, म्हणून १५ किलोग्रॅम. वेळ मिनिटांत आहे, हवा सेकंदांत : १० × ६० = ६०० सेकंद. एकके जुळवली, निम्मे काम झाले.

कार्य = वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची = १५ × ९.८ × ४० = ५,८८० ज्यूल.
शक्ती = ५,८८० ÷ ६०० = ९.८ वॅट.

हे उत्तर पाहून मुले चकित होतात. घरातला एलईडी दिवा ९ वॅटचा असतो. आईचा चढ म्हणजे फक्त एवढेच? येथे उदाहरण पुढे न्यावे. आईने फक्त पाणी वर नेले का? स्वतःलाही नेले. तिचे वस्तुमान ४५ किलोग्रॅम धरले तर एकूण ६० किलोग्रॅम : ६० × ९.८ × ४० = २३,५२० ज्यूल, आणि शक्ती ३९.२ वॅट. शिवाय स्नायूंना पुरवलेल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेत जातो. म्हणून घाम येतो आणि शरीराचा खर्च या आकड्यापेक्षा बराच अधिक असतो. दिवसातून चार खेपा करणाऱ्या बाईला अन्न अधिक का लागते, हेही मुलांना त्यातून समजते.

आंघोळीच्या पाण्याला विसण

थंडीत वसतिगृहात रोज घडणारी गोष्ट. ८० अंश सेल्सिअसचे ५ लिटर पाणी बादलीत आहे. त्यात २० अंशांचे किती पाणी घातले म्हणजे ४० अंशांचे होईल?

सूत्राचे नाव मोठे आहे, उष्णता-विनिमयाचे तत्त्व. पण त्याचा अर्थ असा : गरमाने जेवढी उष्णता दिली तेवढीच गाराने घेतली. उष्णता म्हणजे वस्तुमान × विशिष्ट उष्माधारकता × तापमानातील बदल. दोन्हीकडे पाणीच आहे, म्हणून विशिष्ट उष्माधारकता दोन्हीकडून गळते.

मुलांची नेहमीची चूक म्हणजे दोन्हीकडे ८० वजा २० करून ६० घेणे. त्यांना एवढेच विचारा : गरम पाणी किती अंश उतरले? ८० वरून ४०, म्हणजे ४०. गार पाणी किती अंश चढले? २० वरून ४०, म्हणजे २०.

५ × ४० = विसण × २०. म्हणजे २०० = विसण × २०. विसण १० लिटर.

बादलीने आणि हवेने घेतलेली उष्णता आपण सोडून दिली, हेही सांगावे. उत्तर पटते का? अंतिम तापमान गार पाण्याला जवळ आहे, म्हणून गार पाणी जास्त लागले. ठीक आहे. 'उष्णता' आणि 'तापमान' हे एक नव्हेत, हेही येथे दिसते. ८० अंशांच्या एका तांब्यात आणि ८० अंशांच्या पूर्ण बादलीत तापमान सारखे, पण बादलीत विसण अधिक पचते.

चुनखडी, चुना आणि मोल

रसायनशास्त्रात मुलांना सर्वांत अवघड जातो तो मोल. तेंदूपत्ता गोळा करणारे कुटुंब हिशेबाला एकेक पान मोजत बसत नाही. ठरावीक पानांचा पुडा बांधते आणि पुडे मोजते. मोल हा असाच रेणूंचा पुडा आहे. फरक इतकाच की रेणू फारच लहान, म्हणून पुडा फारच मोठा : ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात, एवढे कण. डझनभर आवळे आणि डझनभर फणस यांची संख्या सारखी, वजन वेगळे. तसेच १ मोल पाणी १८ ग्रॅम, १ मोल कार्बन डायऑक्साइड ४४ ग्रॅम, १ मोल चुनखडी म्हणजे कॅल्शिअम कार्बोनेट १०० ग्रॅम. मग ३६ ग्रॅम पाणी म्हणजे किती मोल? ३६ ÷ १८ = २. येथे 'मोल' म्हणजे दाम नव्हे, हे आता बोलून दाखवायची गरज राहत नाही.

आता उदाहरण. २५० किलोग्रॅम शुद्ध चुनखडी भट्टीत पूर्ण भाजली तर कळीचा चुना किती मिळेल?

चुनखडी तापली की कळीचा चुना म्हणजे कॅल्शिअम ऑक्साइड उरते आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. कॅल्शिअम ४०, कार्बन १२, ऑक्सिजन १६ हे अणुवस्तुमानांक घेतले, तर चुनखडीचे ४० + १२ + ४८ = १००. कळीच्या चुन्याचे ४० + १६ = ५६. वायूचे १२ + ३२ = ४४. आणि ५६ + ४४ = १००. काहीही हरवले नाही, ४४ हवेत गेले.

पुढे फक्त त्रैराशिक. १०० ला ५६, तर २५० ला? २५० × ५६ ÷ १०० = १४० किलोग्रॅम. वायू ११० किलोग्रॅम. घाईत एखादे मूल उलटे मांडते आणि ४४६ किलोग्रॅम लिहिते. 'भाजल्यावर दगड जड होईल की हलका?' एवढ्या प्रश्नावर ते स्वतःच खोडते.

ही साखळी पुढेही जाते. कळीच्या चुन्यावर पाणी टाकले की ५६ + १८ = ७४, म्हणजे विरलेला चुना. तो भिंतीला लावला की हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो आणि पाणी सोडतो : ७४ + ४४ = १०० + १८. दोन्ही बाजू ११८. मात्र कळीच्या चुन्यावर पाणी टाकण्याचा प्रयोग मुलांना करू देऊ नका. तो फार तापतो, उसळतो, आणि डोळ्यात गेला तर दृष्टीला धोका असतो. वहीवरचा हिशेब पुरेसा आहे.

समीकरण संतुलित करताना एक नियम पक्का असावा : सूत्राच्या आतला लहान आकडा बदलायचा नाही, पुढचा आकडा बदलायचा. हायड्रोजनचे २ रेणू आणि ऑक्सिजनचा १ रेणू मिळून पाण्याचे २ रेणू होतात. ऑक्सिजन जुळत नाही म्हणून कोणी पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनचा आणखी एक अणू घुसवला, तर ते पाणी राहत नाही. ते हायड्रोजन पेरॉक्साइड होते, जे कोणी पिणार नाही.

एकक चुकले तर

'शेवटी एकक लिहिले नाही तर काय बिघडते?' असे मुले विचारतात. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान मंगळापाशी पोहोचून नष्ट झाले. एका गटाच्या संगणक कार्यक्रमाने बलाचा हिशेब पाउंडात दिला होता, दुसऱ्या गटाने तो न्यूटनमध्ये आहे असे धरले होते. आकडेमोड बरोबर, एकक चुकले.

पण इतके दूर जायला नको. जलसंजीवनीचे मोठे पाकीट घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणानुसार त्यात २०.५ ग्रॅम मिश्रण असते आणि ते १ लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवायचे असते. कोणी ते अर्ध्या लिटरमध्ये केले तर संहती किती? २०.५ ÷ ०.५ = लिटरला ४१ ग्रॅम, म्हणजे दुप्पट. असे घट्ट पाणी जुलाब झालेल्या बाळाला अपाय करते. शरीरातील पाणी आतड्याकडे ओढले जाते आणि रक्तातील मीठ वाढते. २ लिटरमध्ये केले तर १०.२५ ग्रॅम, म्हणजे निम्मे. त्याने हवे तितके क्षार मिळत नाहीत. 'एका पेल्यापुरते थोडे घेऊ' असेही करू नये. २०० मिलिलिटरच्या पेल्याला ४.१ ग्रॅम लागतील आणि तेवढे घरी मोजता येत नाहीत. म्हणून पाकिटावर जेवढे पाणी लिहिले आहे तेवढेच घ्यावे, सगळे पाकीट एकदम विरघळवावे आणि ते पाणी २४ तासांत संपवावे. २०० मिलिलिटरसाठीची लहान पाकिटेही मिळतात, म्हणून पाकीट वाचणे महत्त्वाचे.

उद्या हीच मुलगी परिचारिका झाली तर तिच्यापुढे असे उदाहरण येईल : कुपीत १० मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम औषध आहे, डॉक्टरांनी २०० मिलिग्रॅम सांगितले, किती मिलिलिटर द्यायचे? २०० × १० ÷ ५०० = ४ मिलिलिटर. चुनखडीचे त्रैराशिक ज्याने समजून केले, त्याला हे नवीन नाही. ज्याने सूत्र पाठ केले, तो येथे घाबरेल.

मुलाजवळ बसताना

मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये 'किशोर भारती' आणि क्वेकर ख्रिस्ती मंडळींचे रसूलिया येथील 'फ्रेंड्स रूरल सेंटर' यांनी १६ शाळांतून विज्ञान शिकवण्याचा एक उपक्रम सुरू केला. पुढे तो 'एकलव्य' संस्थेने चालवला आणि २००२ पर्यंत चालला. खेड्यातील मुलांनी स्वस्त, हाताशी असलेल्या वस्तूंनी प्रयोग करावेत, निष्कर्ष स्वतः लिहावेत आणि परीक्षेतही पुस्तक उघडून विचार करावा, अशी त्याची रीत होती. पाठांतराऐवजी समज तपासता येते हे त्या सरकारी शाळांनी दाखवले. आपल्याला परीक्षा बदलता येत नाही, पण संध्याकाळचा तास आपल्या हातात आहे.

त्या तासासाठी काही सूचना :

मुलाला आधी त्याच्या बोलीत बोलू द्या. आपल्याला ती बोली येत नसेल तर वर्गमित्राला मराठीत सांगायला लावा. या एका गोष्टीत दोघांचाही अभ्यास होतो.

चुकलेले उत्तर खोडायला सांगू नका. ओळ न् ओळ मोठ्याने वाचायला सांगा. वाट कोणत्या ओळीवर सुटली ते मुलालाच सापडते.

उत्तर आपण सांगू नका. पाच प्रश्नांपैकी पुढचा प्रश्न विचारा आणि थांबा. ही शांतता आपल्याला जड जाते, मुलाला ती लागते.

परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात. 'दिलेले', 'सूत्र', 'किंमती भरून', 'उत्तर एककासह' अशा चार ओळी लिहिण्याची सवय लावा. शेवट चुकला तरी सगळे गुण जात नाहीत.

रोज दोन उदाहरणे पुरेत. रविवारी वीस सोडवण्यापेक्षा रोजची दोन मनात राहतात. आठवड्यातून एकदा मुलाला स्वतः उदाहरण रचायला सांगा : विहिरीचा पोहरा, बैलगाडी, वसतिगृहाचे वीजबिल. नऊ वॉटचा दिवा रोज ५ तास, ३० दिवस जळला तर १,३५० वॅट-तास, म्हणजे १.३५ युनिट, जुना साठ वॉटचा बल्ब तेवढाच जळला तर ९ युनिट. असे उदाहरण रचणाऱ्या मुलाला पुस्तकातले उदाहरण परके वाटत नाही.

नववीच्या मुलांना दहावीच्या मुलांनी शिकवावे. शिकवणाऱ्याचे कच्चे दुवे तेथे उघडे पडतात आणि शिकणाऱ्याला विचारायला संकोच वाटत नाही.

फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षा, त्यापाठोपाठ लेखी परीक्षा. आता हाती थोडेच आठवडे आहेत. आपल्या भागात अभ्यासिका असेल तर आठवड्यातून दोन संध्याकाळी एक तास द्यावा, ही विनंती. सोबत काही आणायचे असेल तर दोरी, एक मोजपट्टी, लिटरची खूण असलेले भांडे आणि एक थर्मामीटर आणा. वहीतील आकडा ज्या वस्तूचा आहे ती वस्तू मुलाने एकदा हातात धरून मोजली, की पुढच्या उदाहरणातील वाक्य ते न घाबरता वाचू लागते.